उपनगरातल्या आठवणींचा नकाशा कसा करायचा

गोरेगाव पूर्वेला पालिकेच्या शाळेत मी इतिहास-भूगोल शिकवते. माझ्या वर्गात जवळच्या आरे दूध वसाहतीतल्या आदिवासी पाड्यांवरून चालत येणारी मुलं आहेत. परिसराचा नकाशा काढा म्हटलं की सगळ्यांच्या कागदावर स्टेशन, हायवे, फिल्मसिटी, छोटा काश्मीर हमखास येतं. पाड्यावरची मुलंही तेच काढतात, स्वतःचं घर सोडून. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांनी आजवर पाहिलेल्या एकाही नकाशात ते घर नव्हतं. त्यामुळे आम्ही शाळेत आठवणींचे नकाशे करायला घेतले, आणि आता आसपासच्या सोसायट्यांतले लोक, कॉलेजची मुलं विचारतात की हे कसं करायचं. त्यांच्यासाठी लिहिते आहे. उदाहरणं मुंबईची आहेत कारण मला मुंबई माहीत आहे. ठाण्यात येऊरला करायचं असेल तरी पद्धत हीच.

काम सांगायला सोपं आहे. आजच्या रस्त्यांचा नकाशा घ्यायचा आणि त्याच जागी पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या लोकांनी सांगितलेल्या विहिरी, शेतं, देव, वाटा, झाडं, स्मशानं आणि विक्रीच्या जागा त्यावर मांडायच्या. फक्त हळहळण्यासाठी हे करू नका. ही माणसं आज इथे राहतात, आज भाजी विकतात, आज मासळी सुकवतात. शहर त्यांच्याबद्दल भूतकाळात बोलतं आणि त्यांच्या जमिनीबद्दल भविष्यकाळात. मधला वर्तमानकाळ आपल्याला लिहायचा आहे.

जागा लहान घ्या

'आरे' हा विषय घेऊ नका, एक पाडा घ्या. आरेत २७ पाडे मोजले जातात. केलटीपाडा, जीवाचा पाडा, खांबाचा पाडा, मरोशीपाडा, चरणदेव पाडा... प्रत्येकाची पाण्याची जागा वेगळी, शाळेची वाट वेगळी. घरं वारल्यांची जास्त, पण मल्हार कोळी, कोकणा, काथोडी, दुबळा यांचीही आहेत. 'सगळे आदिवासी' म्हणून एका दमात उरकलंत तर नकाशा तिथेच बिघडला. असाच दुसरा गोंधळ कोळ्यांबाबत होतो. किनाऱ्यावरचे सोनकोळी अनुसूचित जमातींच्या यादीत नाहीत. मल्हार कोळी आणि महादेव कोळी आहेत. दोघेही या शहराचे जुने रहिवासी, पण त्यांचे कागद, कायदे आणि मागण्या वेगळ्या आहेत.

अर्ध्या तासात चालून होईल एवढाच भाग पुरे. आपल्या जवळ अशी जागा आहे का, हे बसथांब्यांच्या पाट्या वाचून कळतं: पाडा, वाडी, गावठाण, कोळीवाडा. तरीही सापडली नाही तर जुन्या रिक्षावाल्यांना विचारा.

आधी थोडे कागद

मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली झाला. त्याआधी गोरेगाव, अंधेरी, बोरिवली हा सगळा साष्टी बेटाचा भाग ठाणे जिल्ह्यात होता. लोक १९०९-१०चं मुंबई शहराचं गॅझेटियर (इंग्रज सरकारनं काढलेला माहितीचा ग्रंथ) उघडतात, त्यात आपलं उपनगर सापडत नाही आणि 'इथे पूर्वी नुसतं रान होतं' असं ठरवून मोकळे होतात. तुम्ही १८८२चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर बघा. त्यात वारली, काथोडी यांच्यावर पानं आहेत. साहेबाची भाषा तुच्छतेची आहे, ती वाचताना राग येतो. तरी पिकं, गावं, वस्त्या यांच्या नोंदींपुरतं ते वाचावंच लागतं.

मग सातबारा आणि मालमत्ता पत्रक, म्हणजे नगर भूमापन कार्यालयातलं प्रॉपर्टी कार्ड. कागदावर ज्याचं नाव आहे तो आणि तिथे भात लावणारा, हे दोघे एकच असतील असं समजू नका. आरेची जमीन १९४९मध्ये दूध योजनेकडे आली. १९५१च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते वसाहतीचं उद्घाटन झालं. १,२८७ हेक्टरांवर म्हशींच्या तबेल्यांचे ३२ युनिट उभे राहिले. आजही पाड्यावरचा माणूस पत्ता सांगताना 'अमक्या युनिटच्या मागे' असं सांगतो. तबेल्याला नंबर मिळाला आणि माणसांची वस्ती त्या नंबराच्या मागची जागा होऊन बसली. ही गोष्ट मुलांना सांगितली की वर्ग एकदम शांत होतो. तुमच्या नकाशात हे उलटं करा. आधी पाड्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, युनिटचा नंबर खाली बारीक.

कागदांवर फार रेंगाळू नका. खरी माहिती माणसांकडे आहे.

बाजारापासून सुरुवात

कॅमेरा घेऊन थेट पाड्यावर जायचं नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर स्टेशनबाहेर जा. गोरेगाव, बोरिवली, कुठेही. आदिवासी बायका टोपली घेऊन बसलेल्या दिसतील. शेवळं या रानभाजीच्या जुड्या असतील, आणि शेजारी काकड या हिरव्या आंबट फळांचा छोटा ढीग. हे दोन्ही शेजारी का ते विचारा. शेवळं नीट साफ केली नाहीत तर घशाला खाज सुटते, आणि काकडाचा आंबटपणा ती खाज मारतो. म्हणून जाणती विक्रेती एक घेतलंत तर दुसरं घ्यायलाच लावते. नंतर टाकळा येतो, कुरडू, भारंगी, श्रावणाच्या सुमारास कर्टुली. कोणती भाजी पाणी साचतं तिथे येते, कोणती उतारावर, कोणत्या झाडाच्या सावलीत, कोणत्या पावसाला, हे सगळं त्या टोपलीमागे बसलेल्या बाईला माहीत असतं. उपनगराचा इतका बारीक भूगोल दुसऱ्या कोणाकडे नाही.

भाजी घ्या, घासाघीस करू नका, कशी करायची ते विचारा. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. भाजी कशी झाली ते सांगा. कुठून आणली हे तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल.

तिची बसायची जागा नकाशावर पहिली खूण म्हणून घाला. तो कोपरा सार्वजनिक जागाच आहे, आणि पालिकेची गाडी आली की टोपली उचलून तिला तिथून पळावं लागतं. किती वर्षं ती तिथे बसते, तिच्या आधी तिची आई कुठे बसायची, स्टेशनचा पूल झाल्यावर कोपरा कसा सरकला, एवढं विचारलंत तरी अर्धं पान भरतं.

पाड्यावर जाताना

ओळखीनं जा. अंगणवाडीच्या ताई, शाळेतल्या मुलाचे पालक, भाजीवाली मावशी, कोणीतरी आधी घरी सांगून ठेवलेलं असावं. रविवारी किंवा संध्याकाळी जा, भातलावणीच्या दिवसांत अजिबात नको. दोघांपेक्षा जास्त जणांनी जाऊ नये. चहा नाकारू नका. आणि हात जोडून सांगते, जुने कपडे आणि बिस्किटांचे पुडे घेऊन जाऊ नका. वाटप करायला आलेल्या माणसाला कोणी खरं सांगत नाही. त्याला जे ऐकायचंय ते सांगून वाटेला लावतात.

'तुमची संस्कृती सांगा' असं विचारलंत तर नाच आणि लग्न एवढंच कळेल. जागांबद्दल विचारा. लहानपणी पाणी कुठून आणायचात? शाळेत कोणत्या वाटेनं जायचात, आणि ती वाट आता कुठे अडते? हे कुंपण कधी लागलं? गुरं कुठे बसायची? माणूस गेला तर कुठे नेता? आणि एक प्रश्न कधीही गाळू नका: कुठे बसलं की वॉचमन उठवतो? सार्वजनिक जागेतून माणसाला बाहेर कसं काढलं जातं ते या एका प्रश्नाच्या उत्तरांतून कळतं. माझ्या एका विद्यार्थिनीची आजी म्हणाली होती, "ज्या उतारावर मी शेळ्या चारल्या तिथं आता सकाळी फिरायला येणारी माणसं मला विचारतात, तू इथं काय करतेस?" आम्ही त्या उतारावर खूण केली आणि तिचं वाक्य तसंच लिहिलं.

कोणत्या साली, असं विचारून हाती काही लागत नाही. घटनांची शिडी करा. डेअरी आली तेव्हा घरात कोण होतं? फिल्मसिटी झाली तेव्हा (१९७७) तुम्ही केवढ्या होता? २६ जुलैच्या पावसात (२००५) ही विहीर होती का? झाडं तोडली त्या रात्री (ऑक्टोबर २०१९) कुठे होता? लॉकडाऊनमध्ये पाणी कुठून भरलं? अशा पायऱ्यांवर आठवण आपोआप काळात बसते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला काम करत असाल तर शिडीत १९९७ घाला. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानातली अतिक्रमणं हटवायला सुरुवात झाली तेव्हा पाड्यांवरचे लोकही त्याच शब्दाखाली ओढले गेले. तिथल्या प्रत्येक घरात त्या काळाची आठवण निघते.

जे हलवले गेले त्यांना वगळू नका. मेट्रोच्या कारशेडसाठी प्रजापूरपाड्यातली घरं उठली, कुटुंबं इमारतींत गेली. त्या जमिनीवर कुठे काय होतं हे आता त्या इमारतींमध्ये जाऊनच विचारावं लागेल. जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत बाण काढा. देवही हललेले असतात. ज्या मुंबादेवीच्या नावानं हे शहर ओळखलं जातं ती कोळ्यांची देवी. तिचं जुनं देऊळ आजच्या सीएसएमटीच्या परिसरात होतं, तिथून ते हलवलं गेलं. तोही एक बाणच.

सोबत चाला

बसून सांगितलेलं आणि चालताना सांगितलेलं यांत फार फरक पडतो. घरात 'तिकडे देव आहे' एवढंच ऐकू येतं. चालत गेलात तर तो कसा आहे ते दिसतं. वाघदेवाचं ठाणं म्हणजे शेंदूर फासलेला दगड, नाहीतर लाकडाची उभी फळी. फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. आम्ही पाहिलेल्या एका ठाण्याजवळ गेल्या वाघबारशीचा (वाघदेवाच्या दरवर्षीच्या पूजेचा दिवस) नारळ फोडल्याच्या करवंट्या होत्या आणि शेंदराचा नवा थर जुन्यावर चढलेला होता, इतका जाड की वाघाचे पाय त्यात बुडाले होते. त्या थराकडे बघून मुलांना कळलं की इथे पूजा थांबलेली नाही. आरेत बिबटे आजही फिरतात, कधी पाड्याच्या अंगणातून जातात. त्यांच्याशी कसं राहायचं याचा करार त्या देवाशी झालेला आहे आणि तो दरवर्षी नवा होतो.

अशी जागा पाहिलीत की लिहून घ्या: तोंड कुठल्या दिशेला, जवळ कोणतं झाड, पूजा कोण करतं, रस्त्यापासून किती पावलं. आणि मग विचारा, हे नकाशावर घालू का? नको म्हणाले तर घालायचं नाही, कारणही विचारायचं नाही. औषधी झाडांच्या जागा, खेकडे धरायच्या जागा, उन्हाळ्यात टिकणारे झरे हे बहुतेक वेळा लोकांना बाहेर नको असतं, आणि ते बरोबरच आहे. एकदा जागा फुटली की रविवारी गाड्या येतात. मोबाइलमधली लोकेशनची नोंद बंद करूनच फोटो काढा. ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर पाड्याचं नाव, शाळा, सार्वजनिक वाट जरूर भरा, तिथे कोणालाही भरता येतं. देव आणि पाणी विचारल्याशिवाय भरू नका.

मांडणी

विकास आराखड्याचा तुमच्या भागाचा पत्रक-नकाशा छापून घ्या आणि त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा. तीन रंग पुरतात: वापरात असलेलं हिरवं, आहे पण जाता येत नाही ते लाल, नाहीसं झालेलं काळं. लाल रंगाकडे विशेष लक्ष द्या. काळ्यावर लोक हळहळतात आणि विसरतात. लाल रंगाचं काहीतरी करता येतं, कुलूप उघडायला सांगता येतं.

झाडं एकेक करून घाला. ४ ऑक्टोबर २०१९ला उच्च न्यायालयानं आरेतल्या कारशेडसाठीच्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं थांबवायला सांगेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती. झाडांचा आकडा सगळ्या शहराला पाठ झाला. पण कोणत्या झाडाखाली कोण बसायचं, कोणत्या झाडाची फळं कोण विकायचं, हे फार थोड्यांनी लिहून ठेवलं. आता जी झाडं उभी आहेत त्यांचं आजच लिहून ठेवा.

लोक जसं बोलतात तसंच लिहा, 'शुद्ध' करू नका. ज्यांना हवं त्यांचंच नाव घाला. कच्चा नकाशा पाड्यावर नेऊन वाचून दाखवा, चुका काढू द्या. आमच्याकडे आज्या नेहमी दिशांवरून भांडतात आणि शेवटी त्यांचंच बरोबर निघतं. पक्क्या नकाशाची लॅमिनेट केलेली पहिली प्रत पाड्यावर राहील, अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात. दुसरी तुमच्याकडे.

सजावटीचा मोह टाळा, खास करून कडेनं वारली चित्रं काढायचा. उड्डाणपुलांच्या खांबांवर, स्टेशनांच्या भिंतींवर, सोसायट्यांच्या कंपाउंडवर तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरणारी माणसं आता सगळीकडे आहेत. वारली घरात लग्नाचा चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, सवाशिणी लिहितात, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, आणि त्यात पालघट देवी असते. ते लग्नाचं काम आहे. शहरानं चित्र घेतलं आणि चित्र काढणाऱ्यांची वस्ती दोन किलोमीटरवर आहे हे त्या भिंतीवर कुठेच लिहिलं नाही. मला याचा मनापासून त्रास होतो. तुमच्या सोसायटीच्या भिंतीवर असं चित्र असेल तर एक करा: खाली जवळच्या पाड्याचं नाव आणि तो किती अंतरावर आहे ते लिहा, पाड्याला विचारून. आणि नवं चित्र काढायचं असेल तर तिथल्याच चित्रकारांना पैसे देऊन बोलवा.

कोळीवाडा असेल तर

किनाऱ्यावर नकाशा थांबवायचा नाही. कोळ्यांच्या आठवणी पाण्यात सुरू होतात: बोट बाहेर काढायची वाट, खडक, जाळं टाकायच्या जागा. वरळीला क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडायच्या वाटेत सागरी किनारा मार्गाचे खांब आले. दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. वाऱ्यात, लाटेत बोट एवढ्या फटीतून कशी न्यायची, हे नाखवांनी वर्षानुवर्षं सांगितलं, काम अडवलं, तेव्हा कुठे ते १२० मीटर करायचं ठरलं. पाण्यातली ती वाट कोणत्याही आराखड्यावर काढलेली नव्हती, ती नाखवांच्या डोक्यात होती. तुमच्या नकाशात ती ठळक काढा.

जमिनीवर घरांपेक्षा मोकळ्या जागा आधी घाला. बोंबील सुकवायच्या वलांड्या, जाळी विणायचा ओटा, बोटी ओढून ठेवायची वाळू, होळीची जागा. कोळीवाड्यांच्या हद्दी आखताना घरं मोजली जातात आणि या जागा 'मोकळी जमीन' म्हणून बाहेर राहतात, ही कोळीवाड्यांची जुनी तक्रार आहे. सुकवायची जागा गेली तर बायकांचा धंदा जातो. म्हणून प्रत्येक मोकळ्या जागेवर कोणत्या महिन्यात काय काम चालतं ते लिहा, आणि त्याच महिन्यात फोटो काढा.

नकाशा कामाला लावा

वनहक्क कायदा २००६चा आहे. त्याच्या नियमांत दाव्यासाठी जे पुरावे चालतात त्यांत दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं निवेदन आहे, घरं, विहिरी, स्मशानं, देवस्थानं अशा खुणा आहेत, वंशावळही आहे. म्हणजे आजीनं चालता चालता जे सांगितलं ते कायद्याच्या दारात पुरावा म्हणून उभं राहू शकतं, फक्त ते तारीख घालून, तिला वाचून दाखवून, अंगठा किंवा सही घेऊन लिहिलेलं हवं. दावा करणं, न करणं हे पाड्यावरच्या लोकांनी ठरवायचं. आपण फक्त नोंद नीट ठेवायची.

रस्त्याला, चौकाला, बसथांब्याला पाड्याचं नाव मिळावं असं लोकांना वाटत असेल तर नगरसेवकामार्फत विभाग कार्यालयात प्रस्ताव द्या. गोरेगावसाठी पालिकेचा पी दक्षिण विभाग. पाटीवरचा मजकूर पाड्यानं ठरवावा. 'येथे पूर्वी आदिवासी राहत होते' असा मसुदा कोणी पुढे केला तर सही करू नका.

लाल खुणांसाठी माहितीचा अधिकार वापरा. गेट कोणाच्या आदेशानं बसलं, वाट कोणत्या ठरावानं बंद झाली? महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एका अर्जात एकच विषय असा नियम आहे, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. एका गेटसाठी एक अर्ज करा. सगळी गेटं एकाच अर्जात कोंबलीत तर फक्त पहिल्या विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करा असं सांगितलं जाऊ शकतं.

आणि वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना वाचायची सवय लावा. विकास आराखड्यात महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम ३७खाली फेरबदल होतो तेव्हा हरकती-सूचनांसाठी महिन्याभराची मुदत असते, आणि ती सूचना आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. तुमच्या पाड्याचा किंवा कोळीवाड्याचा भूमापन क्रमांक त्यात दिसला की त्याच दिवशी तिथे कळवा. हरकत त्यांच्या नावानं, त्यांच्या शब्दांत जाऊ द्या. नकाशाची प्रत जोडा, सोबत वडीलधाऱ्यांची निवेदनं जोडा, आणि पोच म्हणून आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.